सह्याद्रीचा राखी रानकोंबडा

राखी रानकोंबडा हा निव्वळ भारतीय पक्षी आहे. भारताबाहेर कोणत्याही रानात तो मुळात आढळत नाही. गुजरातच्या डांगपासून केरळच्या टोकापर्यंत सह्याद्रीच्या सगळ्या रांगेत, सातपुड्यात आणि दक्षिणेकडच्या डोंगराळ भागांत त्याची वस्ती आहे. महाराष्ट्रात भीमाशंकर, महाबळेश्वर, कोयना, राधानगरी, आंबोली, तिलारी आणि मेळघाट या जंगलांलगतच्या गावांना त्याचे आरवणे रोजचे असते. आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, पण पक्षी नीट पाहिलेला माणूस विरळा. पाचोळ्यात पाऊल वाजले की तो जाळीत शिरतो आणि पुन्हा दर्शन देत नाही. इतकी सावध सवय असल्यामुळेच मांसासाठी आणि पिसांसाठी पिढ्यान्‌पिढ्या शिकार होऊनही तो टिकून राहिला.

मोर, तितर, लावे आणि चकोत्री ज्या कुळात मोडतात त्याच कुळातला हा पक्षी. शास्त्रीय नाव गॅलस सोनेराटी. अठराव्या शतकात भारतात हिंडलेल्या पिएर सोनेरा या फ्रेंच निसर्गअभ्यासकाच्या स्मरणार्थ डच पक्षितज्ज्ञ टेमिंक यांनी 1813 मध्ये ते दिले. गॅलस या गटात जगभरात मिळून चारच जाती आहेत. हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेला तांबडा रानकोंबडा, फक्त श्रीलंकेत राहणारा लंकेचा रानकोंबडा, जावा आणि आसपासच्या बेटांवरचा हिरवा रानकोंबडा, आणि चौथा हा राखी. रक्ताच्या नात्याने तो तांबड्यापेक्षा लंकेच्या रानकोंबड्याला जवळचा आहे.

नराची लांबी शेपटीसकट 70 ते 80 सेंटीमीटर भरते. त्यातला मोठा वाटा शेपटीचाच असतो, म्हणून वजन मात्र आठशे ग्रॅमपासून जेमतेम अकराशे ग्रॅमपर्यंत. गावठी कोंबड्याच्या मानाने अंग सडपातळ, मान लांब आणि पाय जास्त काटक. अंगावरची पिसे करडी-काळी असून प्रत्येक पिसाच्या मधल्या दांडीवर फिकट रेघ असते. त्यामुळे लांबून सगळे अंग राखाडी दिसते आणि जवळून पाहिले की बारीक रेघोट्यांनी भरलेले. तुरा लाल आणि एकेरी. त्याच्या कडेचे दाते तांबड्या रानकोंबड्याच्या तुऱ्याइतके खोल कापलेले नसतात. चेहऱ्याची कातडी उघडी, लाल, आणि चोचीखाली दोन लाल मांसल पाळ्या लोंबतात. पाय लालसर, मागच्या बाजूला अणकुचीदार काटा. शेपटी काळी, पण तिच्यावर ऊन पडले की निळी, जांभळी, हिरवी झळाळी उठते. मधली दोन पिसे सगळ्यात लांब आणि खाली बाक घेतलेली.

या पक्ष्याची खरी ओळख मात्र त्याच्या मानेत आहे. मानेवरून खांद्यापर्यंत उतरणारी लांबट काळी पिसे पांढऱ्या आणि पिवळट ठिपक्यांनी सजलेली असतात. हे ठिपके केवळ रंगाचे नव्हेत. पिसाचे तंतू तेवढ्या जागी सुटे न राहता एकमेकांत मिसळून जातात आणि त्यांची चपटी, टणक, तुकतुकीत टिकली बनते. बोटाने चाचपले तर पिसाच्या मऊपणात ती टिकली वेगळी लागते, कागदावर पडून थिजलेल्या लाखेच्या थेंबासारखी. एकेका पिसावर अशा दोन-तीन टिकल्या असतात, टोकाकडची पिवळी आणि तिच्या मागची पांढरी. खांद्यावरच्या काही पिसांची टोकेही अशीच चकचकीत, पण नारिंगी रंगाची. गॅलस गटातल्या दुसऱ्या कोणत्याही जातीत मानेची अशी पिसे नाहीत. पुढे याच टिकल्यांपायी हा पक्षी जगाच्या दुसऱ्या टोकाच्या बाजारात जाऊन पोचला.

मादी नराच्या निम्म्या लांबीची, सुमारे 40 सेंटीमीटर. वजनात तेवढा फरक नसतो. ती सातशे-आठशे ग्रॅमची असते. पाठ तपकिरी, तिच्यावर फिकट बारीक रेघा. छाती आणि पोट पांढरट, प्रत्येक पिसाला गडद काठ, म्हणून खालची बाजू खवल्याखवल्यांची दिसते. पाय पिवळे. तुरा असून नसल्यासारखा. तांबड्या जातीच्या मादीची छाती एकरंगी तपकिरी असते, त्यामुळे दोघींच्या बाबतीत घोटाळा होत नाही. वाळल्या पाचोळ्यात अंड्यांवर बसलेली राखी मादी हातभर अंतरावरूनही दिसत नाही, आणि तिच्या दृष्टीने रंगाचा उपयोग तोच आहे.

नराचा थाट वर्षभर टिकत नाही. विणीचा मोसम ओसरला की पावसाळ्याच्या सुमारास त्याची मानेवरची टिकल्यांची पिसे गळतात. त्यांच्या जागी आखूड, काळपट, साधी पिसे येतात. शेपटीची लांब पिसेही झडतात आणि तुरा आक्रसतो. जून ते सप्टेंबर या काळात नर असा ओळखू न येण्याजोगा होऊन रानात वावरतो. आरवणेही त्या दिवसांत मंदावते. पावसाळा सरता सरता नवी पिसे भरू लागतात आणि हिवाळ्यात तो पुन्हा पूर्ण साजात दिसतो.

आता त्याच्या प्रदेशाविषयी. पश्चिमेला राजस्थानातला अबूचा डोंगर आणि मध्य भारतात पचमढीचा परिसर या उत्तरेकडच्या सीमा. पूर्वेकडे साधारण गोदावरीपर्यंत तो पोचतो. तिच्या पलीकडे, बस्तर-ओडिशाच्या बाजूला, तांबड्या रानकोंबड्याचे राज्य सुरू होते. या दोन जातींनी भारत जणू वाटून घेतला आहे. ही वाटणी झाडांशी जुळते, हे अभ्यासकांच्या पूर्वीच ध्यानात आले होते: सालवृक्षांची जंगले तांबड्याची, सागवानाची आणि दक्षिणेची मिश्र जंगले राखीची. मध्य प्रांतात वनखात्यात काम केलेल्या कॅप्टन जेम्स फॉरसिथ यांनी 1871 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य भारताच्या डोंगराळ भागावरील पुस्तकात देनवा खोऱ्याची गोष्ट नोंदवली आहे. सालाच्या मुख्य जंगलापासून दूर, सागाच्या मुलखाने वेढलेला सालाचा एक तुकडा पचमढीच्या पायथ्याशी उरला आहे, आणि त्या तुकड्यात तांबडा रानकोंबडाही आहे. भोवतीच्या रानात मात्र राखी. डॉ. सलीम अली यांनीही या जोडीकडे लक्ष वेधले. कोंबड्याला सालाचे असे काय लागते, हे एका वाक्यात सांगण्यासारखे नाही. बहुधा झाड आणि पक्षी दोघेही एकाच तऱ्हेची माती, ओल आणि झाडोरा शोधत असावेत. पचमढीच्या आसपास जिथे दोन्ही जाती शेजारी राहतात, तिथे त्यांचा क्वचित संकरही होतो.

आपल्या हद्दीत मात्र हा पक्षी कोणत्याही एका प्रकारच्या जंगलाला धरून बसत नाही. कोकणातल्या समुद्रसपाटीजवळच्या झाडीपासून निलगिरीच्या सुमारे 2400 मीटर उंचीपर्यंत, पानगळीच्या रानापासून सदाहरित रायांपर्यंत तो सगळीकडे आढळतो. त्याची अट एकच: खाली दाट आडोसा हवा आणि त्याला लागून थोडी मोकळी जागा हवी. घनदाट जंगलाच्या पोटात, जिथे जमिनीवर ऊनच पडत नाही, तिथे तो कमी दिसतो. जंगलाच्या कडा, बांबूची बेटे, कारवीची रोपटी माजलेले उतार, ओढ्याकाठची झुडपे, पडीक शेते, जुन्या वाड्यांच्या ओसाड जागा, काजू-कॉफीच्या दुर्लक्षित बागा, देवराया, घाणेरीची माजलेली जाळी ही त्याची आवडती ठिकाणे. घाणेरी हे परदेशातून आलेले, इथल्या झाडोऱ्याला मारक ठरलेले झुडूप. तरी रानकोंबड्याला तिच्यात लपायला जागा मिळते आणि तिची काळी फळे खायला मिळतात, हे मान्य करावे लागते.

उंच झाडांचेही त्याला काम असते, पण फक्त रात्रीपुरते. संध्याकाळ झाली की तो उडून झाडाच्या फांदीवर किंवा बांबूच्या बेटात जाऊन बसतो आणि रात्र तिथेच काढतो. जमिनीवर निजणे म्हणजे रानमांजर, कोल्हा किंवा बिबट्या यांच्या तोंडी जाणे. झुंजूमुंजू होताच नर त्या फांदीवरूनच पहिली बांग देतो, मग एकेक जण खाली उतरतो.

सकाळचे पहिले दोन-तीन तास आणि दुपार कलल्यानंतरचा वेळ चरण्याचा. उन्हाच्या वेळी कळप जाळीत विसावतो, नाहीतर भुसभुशीत मातीत खळगे करून धूळ अंगावर घेत बसतो. धुळीच्या या अंघोळीमुळे पिसांतल्या उवा आणि गोचिडी झडतात. चरताना पाचोळा उकरण्याची रीत गावठी कोंबडीचीच: आधी एका पायाने, मग दुसऱ्याने पाचोळा मागे ओढायचा, लगेच दोन पावले मागे सरायचे आणि मान तिरकी करून उघडी पडलेली जमीन एका डोळ्याने न्याहाळायची. फरक आहे तो या दोन हालचालींमधल्या क्षणाचा. गावातली कोंबडी उकरते आणि टिपते. रानकोंबडी उकरते, मान वर करून चहूकडे पाहते आणि मगच टिपते. कळपात एकाची तरी मान नेहमी वर असते.

खाण्यात तो फारसा चोखंदळ नाही. गवताचे बी, उंबर, बोरे, करवंदे, कोवळे अंकुर, कंद, किडे, नाकतोडे, लहान सरडे, शेताच्या कडेला पडलेले धान्य यांपैकी जे मिळेल ते चालते. वाळवी विशेष प्रिय. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी वारुळातून बाहेर पडू लागली की कोंबड्या तिच्यावर तुटून पडतात. गव्याचे आणि गुरांचे शेण उकरून त्यातले न पचलेले बी आणि अळ्या वेचणे हाही नेहमीचा उद्योग. पिल्लांना सुरुवातीला जवळजवळ सगळे अन्न किड्यांचेच लागते. नुसत्या दाण्यावर त्यांची वाढ होत नाही.

बांबूला बी धरते तेव्हा मात्र रानात पंगत बसते. बांबू कित्येक वर्षांतून एकदा फुलतो, पण फुलला की मोठ्या टापूतला सगळा एकदम फुलतो, आणि जमिनीवर दाण्याचा सडा पडतो. सह्याद्रीतल्या कारवीचेही तसेच. सात वर्षे नुसती पाने धरून वाढणारी कारवी एका पावसाळ्यात डोंगरच्या डोंगर जांभळे करते आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिची बोंडे वाळून तडकतात. अशा वर्षी एरवी चार-पाचांच्या टोळीने हिंडणारे रानकोंबडे दुरून येऊन मोठ्या संख्येने एकत्र जमतात. सोबत चकोत्री, लावे, मोर आणि रानउंदीरही असतात. बी संपले की पांगापांग होते.

आरवणे हा या पक्ष्याचा दुसरा मोठा वेगळेपणा. तांबड्या रानकोंबड्याची बांग गावठी कोंबड्यासारखीच असते, फक्त शेवट तुटका. राखीची बांग ऐकली तर हा कोंबड्याचा आवाज आहे यावर नवख्याचा विश्वास बसत नाही. ‘कुक्-काया-काया-कुक्’ असे चार तुटक, खणखणीत, जरासे घोगरे सूर, आणि पुष्कळ जवळ असल्यास त्यांच्यामागून हळू आवाजात ‘क्युकुन-क्युकुन’ अशी पुटपुट. ती पुटपुट थोड्या अंतरावरून ऐकूच येत नाही. एकाने बांग दिली की पलीकडच्या उतारावरचा दुसरा उत्तर देतो, मग तिसरा, आणि थोड्या वेळात सगळे खोरे आवाजांनी भरून जाते. यात गंमत नाही, हद्दीचा निर्वाळा आहे. विणीच्या दिवसांत प्रत्येक नर रानाचा एक तुकडा आपला मानतो आणि तो राखून असल्याचे रोज सकाळ-संध्याकाळ जाहीर करतो. वनखात्याचे लोक आणि अभ्यासक याच सवयीचा उपयोग करून घेतात. न दिसणारा पक्षी डोळ्यांनी मोजता येत नाही, म्हणून ठरलेल्या जागी पहाटे थांबून वेगवेगळ्या दिशांनी आरवणारे नर मोजले जातात. धोका जाणवला की निघणारा ओरडा अगदी निराळा असतो. तो कर्कश कलकलाट एकदा उठला की आसपासची हरणे आणि माकडेही कान टवकारतात.

विणीला ठरावीक महिना नाही. पावसाचे मान जागोजाग वेगळे असल्यामुळे दक्षिणेत कुठे ना कुठे वर्षभर अंडी सापडतात. मुख्य हंगाम मात्र फेब्रुवारी ते मे हा. नर मादीभोवती एक पंख जमिनीला टेकेपर्यंत खाली सोडून फेर धरतो. गावठी कोंबड्याची चाल पाहिलेल्याला ती लगेच ओळखू येते. किडा सापडला की स्वतः न खाता चोचीने उचलायचा, टाकायचा आणि मादीला बोलवायचे, ही रीतही दोघांची एकच.

घरटे म्हणण्यासारखे काही नसते. बांबूच्या बेटाच्या बुडाशी, कारवीच्या झुडपाखाली किंवा पडलेल्या ओंडक्याच्या आडोशाला मादी जमीन थोडी खरवडते, त्यात वाळकी पाने ओढते आणि चार ते सात अंडी घालते. अंडी फिकट बदामी रंगाची, गावठी अंड्यांपेक्षा लहान. उबवण्याचे काम एकटी मादी करते आणि ते सुमारे तीन आठवडे चालते. चरायला ती थोडाच वेळ उठते, आणि परत येताना सरळ घरट्यावर न येता वळसे घेत येते. पिल्ले अंड्यातून बाहेर पडली की अंग वाळताच चालू लागतात. पाठीवर गडद-फिकट पट्टे असलेल्या या पिल्लांना आई लगेच घरट्यापासून दूर नेते आणि पुन्हा तिकडे फिरकत नाही. ती वाळवीने खाल्लेले लाकूड उकरते, आवाज करते आणि पिल्ले तिच्या चोचीखाली गोळा होतात. घार किंवा शिक्रा वर दिसला की तिचा एक बारीक इशारा पुरतो. पिल्ले जिथल्या तिथे दबतात आणि पाचोळ्यात नाहीशी होतात. पंखांची पिसे फार लवकर फुटत असल्यामुळे थोड्याच दिवसांत ती फडफडत खालच्या फांदीपर्यंत पोचतात. इतक्या घाईचे कारण उघड आहे. मुंगूस, घोरपड, साप, उदमांजर आणि मोरघार या सगळ्यांना अंडी किंवा पिल्ले हवीच असतात, आणि बहुतेक वेळा सगळीच्या सगळी वीण मोठी होत नाही.

घराघरांतली कोंबडी या पक्ष्यापासून आली का, हा प्रश्न जुना आहे. चार्ल्स डार्विन यांनी पाळीव प्राण्यांवरच्या 1868 मधील ग्रंथात याचा ऊहापोह केला आणि पाळीव कोंबडीचा पूर्वज तांबडा रानकोंबडाच, असा निष्कर्ष काढला. राखीची बांग वेगळी, पिसे वेगळी, आणि पाळीव कोंबडीशी त्याचा संकर झाला तरी पुढची पिढी सहसा धरत नाही, ही त्यांची कारणे भक्कम होती. नंतरच्या जनुकीय अभ्यासांनी मूळ निष्कर्ष पक्का केला. आग्नेय आशियात तांबड्या रानकोंबड्यापासूनच कोंबडी माणसाळली. पण 2008 मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातील संशोधकांच्या गटाने एक अनपेक्षित गोष्ट दाखवून दिली. जगभरच्या असंख्य पाळीव कोंबड्यांचे पाय आणि कातडी पिवळी असते. तांबड्या रानकोंबड्याची तशी नसते. हा पिवळेपणा खाण्यातून येणाऱ्या रंगद्रव्यांचा. साधारणपणे कातडीतला एक विकर ती द्रव्ये तोडून रंगहीन करतो. पिवळ्या कातडीच्या कोंबड्यांत त्या विकराचे जनुक कातडीपुरते बंद असते, म्हणून रंग साठत जातो. आणि जनुकाचा हा प्रकार तांबड्याशी न जुळता राखी रानकोंबड्याशी जुळतो.

याचा अर्थ असा की, कोंबडी माणसाळल्यानंतर ती भारतात आली आणि इथल्या रानाच्या कडेला कधीतरी राखी नराशी तिचा संकर झाला. तो टिकण्याची शक्यता कमी होती, तरी टिकला. पिवळे पाय लोकांना आवडले असावेत, म्हणून तशा कोंबड्या निवडून वाढवल्या गेल्या. आज लेगहॉर्नसारख्या जगभर पाळल्या जाणाऱ्या जातींत तोच अंश आहे. दख्खनच्या रानातल्या या पक्ष्याचा वारसा पृथ्वीवरच्या कोट्यवधी कोंबड्यांच्या पायांवर दिसतो, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असायला हवी इतकी मोलाची आहे.

शिकारीचा पक्षी म्हणून इंग्रजी अमदानीत त्याची मोठी प्रतिष्ठा होती. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ह्यूम हे मुळात नामांकित पक्षितज्ज्ञ. त्यांनी मार्शल यांच्यासह 1879 ते 1881 या काळात भारत, ब्रह्मदेश आणि सिलोनमधल्या शिकारीच्या पक्ष्यांवर तीन खंड काढले. त्यांत रानकोंबड्यांना मानाचे स्थान आहे. गावांत बंदुकीपेक्षा फासे जास्त चालत. कोंबड्यांच्या येण्याजाण्याच्या वाटा ठरलेल्या असतात. त्या वाटेवर झुडपांचे ठेंगणे कुंपण घालायचे, मधे फटी ठेवायच्या आणि फटींत फासे लावायचे. पाळीव नर बांधून ठेवून त्याच्या आवाजाने हद्दीचा राखणदार खेचून आणण्याची युक्तीही वापरली जाई. आजही चोरून होणाऱ्या शिकारीत दोऱ्याच्या जागी नायलॉन आला आहे, एवढाच बदल.

मांसापेक्षा मोठा घाला पिसांनी आणला. इंग्लंड-स्कॉटलंडात सामन मासा गळाला लावण्यासाठी पिसांची नकली माशी बांधतात. एकोणिसाव्या शतकात ही कला फार नाजूक आणि खर्चिक बनली. ‘जॉक स्कॉट’सारख्या नामांकित नकली माश्यांच्या दोन्ही बाजूंना राखी रानकोंबड्याचे टिकलीचे पीस लागे. पाण्यात ते लहान माशाच्या डोळ्यासारखे चमकते आणि भिजले तरी त्याची चमक जात नाही. मानेची कातडी पिसांसकट सोलून वाळवायची आणि गठ्ठ्यांनी विलायतेला धाडायची, असा व्यापार सुरू झाला. पिसे फक्त नरांची आणि फक्त भर मोसमातली लागत, म्हणून नेमके विणीतले नर मारले जात. 1902 मध्ये हिंदुस्थान सरकारने रानपक्ष्यांची पिसे आणि कातडी परदेशी पाठवण्यावर बंदी घातली. 1912 च्या कायद्याच्या यादीत रानकोंबड्यांचे नाव आले आणि प्रांतांना शिकारीचा बंद हंगाम ठरवता येऊ लागला. मुंबई राज्याने 1951 मध्ये स्वतःचा वन्यप्राणी आणि पक्षी संरक्षण कायदा केला. अखेर 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीचे दार बंद केले. या कायद्यात शिकारीची व्याख्या रुंद आहे: पक्षी मारणे, धरणे, फास लावणे याबरोबरच अंडी फोडणे किंवा घरटे विस्कटणे हीसुद्धा शिकारच. परदेशातल्या माशी बांधणाऱ्यांची गरज आता बरीचशी तिकडेच पाळलेल्या पक्ष्यांवर भागते.

जागतिक पातळीवरच्या लाल यादीत हा पक्षी सध्या चिंतेच्या वर्गात नाही. विस्तीर्ण प्रदेश आणि कडेच्या रानात निभावून नेण्याची क्षमता यांमुळे त्याला तसे स्थान मिळाले आहे. सह्याद्रीत मात्र एक धोका त्याच्या मुळावर येणारा आहे, आणि त्याची चर्चा फारच कमी होते. तो म्हणजे वणवा. नवे गवत चांगले यावे म्हणून, भाजणीतून सुटलेल्या आगीमुळे, किंवा निव्वळ बेफिकिरीने फेब्रुवारी ते मे या महिन्यांत डोंगर जळतात. नेमके हेच महिने अंड्यांचे. आगीतून मोठे पक्षी उडून जातात, अंडी आणि चार दिवसांची पिल्ले जात नाहीत. उंच झाडे वणव्यातून वाचतात, म्हणून पावसाळ्यानंतर रान पुन्हा हिरवे दिसते आणि काही बिघडले नाही असे वाटते. पण दरवर्षी जळणाऱ्या उतारावर पाचोळा साठत नाही, वाळवी आणि किडे कमी होतात, कारवी आणि झुडपे खुरटतात. रानकोंबड्याचे सगळे आयुष्य जमिनीपासून पुरुषभर उंचीत जाते. तेवढाच थर नाहीसा झाला तरी त्याच्या लेखी जंगल संपलेले असते. ‘साफसफाई’ म्हणून देवराईतला झाडोरा काढून फरशी घालण्याची नवी हौस याच कारणाने घातक आहे.

गावकुत्र्यांचा उपद्रव दुसरा. फार्महाउसे आणि हॉटेले डोंगरात शिरली तशी मोकाट कुत्रीही शिरली, आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याला त्यांच्यापासून आडोसा उरला नाही. पाळीव कोंबड्या रानाच्या कडेला चरायला सोडल्या की मानमोडीसारखे रोग रानात जाण्याची वाटही उघडते, म्हणून जंगलालगतच्या वाड्यांतल्या कोंबड्यांचे लसीकरण दोघांच्याही हिताचे ठरते.

पक्षी पाहायचा तर डिसेंबर ते एप्रिल हा काळ चांगला, कारण तेव्हा नर पूर्ण पिसाऱ्यात असतो आणि पाचोळा वाळलेला असल्यामुळे चाहूल लागते. कोयना आणि चांदोली ही 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग असलेली जंगले, राधानगरी, आंबोली-तिलारीचा पट्टा, रायगडातले फणसाड आणि गोव्यातली म्हादई व मोले ही अभयारण्ये त्यासाठी उत्तम. पहाटे जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवर ऊन येण्याआधीच्या अर्ध्या तासात कोंबड्या दाणा टिपायला बाहेर येतात. चालत जाण्यापेक्षा एखाद्या वळणावर किंवा उन्हाळ्यात पाणवठ्याजवळ स्थिर बसावे. रेकॉर्ड केलेली बांग वाजवून नराला बाहेर काढण्याचा प्रकार टाळावा, कारण तो हद्द राखायला धावून येतो आणि तेवढ्या वेळात चरणे सोडून उघड्यावर पडतो. रस्ता ओलांडताना नर सहसा आधी मान बाहेर काढून थांबतो, मग शेपटी खाली सोडून वाकून धावत जातो. माद्या त्याच्या मागोमाग, एकेक करून, त्याच फटीतून पलीकडे जातात.